अतिशीत अणूंच्या जगाला नाव देणारे सत्येन्द्रनाथ बोस

५ जून १९९५ रोजी सकाळी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर या शहरात एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी रुबिडियम या धातूच्या सुमारे दोन हजार अणूंना अशा एका अवस्थेत आणून ठेवले, जी तोपर्यंत कोणत्याही वायूत पाहायला मिळाली नव्हती. लेसर किरणांच्या माऱ्याने आणि चुंबकीय पिंजऱ्याच्या साहाय्याने थंड केलेला तो अणूंचा ढग निरपेक्ष शून्यापासून अंशाच्या एक कोटी भागांपैकी दोन भागांएवढाही दूर नव्हता. त्या थंडीत अणूंनी आपले वेगळे अस्तित्व जणू सोडून दिले आणि ते सारे मिळून एकाच तरंगासारखे वागू लागले. या अवस्थेला बोस-आइन्स्टाइन संघनन म्हणतात. त्या नावातील पहिले बोस म्हणजे कलकत्त्याचे सत्येन्द्रनाथ बोस. प्रयोग यशस्वी झाला तेव्हा त्यांच्या निधनाला २१ वर्षे लोटली होती, आणि ज्या टिपणावर या साऱ्याचा पाया उभा होता ते त्यांनी ढाक्याहून बर्लिनला टपालाने पाठवले, त्याला ७१ वर्षे आणि एक दिवस झाला होता.

सत्येन्द्रनाथांचे नाव आज भारतात सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांनी नेमके काय केले हे सांगताना बरीच गल्लत होते. कोणी त्यांना २०१२ साली सापडलेल्या हिग्ज कणाचे जनक ठरवतो, कोणी पदार्थाच्या नव्या अवस्थेचे भाकीत त्यांच्या नावावर जमा करतो. या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या नाहीत. त्यांनी जे केले ते दिसायला याहून लहान होते, परंतु भौतिकशास्त्रासाठी याहून मूलभूत ठरले.

१ जानेवारी १८९४ रोजी कलकत्त्यात त्यांचा जन्म झाला. वडील सुरेन्द्रनाथ ईस्ट इंडियन रेल्वेच्या अभियांत्रिकी विभागात नोकरीला होते, आई आमोदिनी देवी. सात भावंडांत सत्येन्द्रनाथ थोरले आणि एकुलते एक मुलगे. पाठच्या सहाही बहिणी. कामावर निघण्यापूर्वी वडील घराच्या जमिनीवर खडूने गणिते मांडून ठेवत आणि ते परतण्याच्या आत मुलगा ती सोडवून ठेवी, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. पुढे हिंदू स्कूलमध्ये गणिताच्या शिक्षकांनी त्यांना शंभरापैकी एकशे दहा गुण दिले, कारण या मुलाने काही उदाहरणे एकाहून अधिक रीतींनी सोडवली होती. ही कथा बंगालमध्ये इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यातील दहा गुण बाजूला ठेवले तरी चालतील. एकाच उत्तराकडे जाणाऱ्या निरनिराळ्या वाटा शोधण्याची सवय मात्र त्यांच्यात जन्मभर टिकली आणि १९२४ साली तीच कामी आली.

१९०९ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय हे तेथे शिकवत होते. बरोबरीच्या विद्यार्थ्यांत ढाक्याजवळच्या खेड्यातून आलेले, अत्यंत गरिबीत वाढलेले मेघनाद साहा होते. १९१३ मध्ये बी.एस्सी. आणि १९१५ मध्ये मिश्र गणितातील एम.एस्सी. या दोन्ही परीक्षांत बोस पहिले आले, साहा दुसरे. दोघांच्या स्वभावांत फरक होता. साहा करारी, राजकारण आणि समाजकारण यांत उडी घेणारे. बोस गप्पांत रमणारे, अनेक विषयांत मनसोक्त भटकणारे. दोघांची मैत्री आणि परस्परांविषयीचा आदर मात्र दीर्घकाळ टिकला. एम.एस्सी. होण्याआधीच, १९१४ साली, सत्येन्द्रनाथांचा उषावती घोष यांच्याशी विवाह झाला.

ते दिवस बंगालमध्ये अस्वस्थतेचे होते. शिकलेल्या तरुणांपुढे सरकारी नोकरीचा मार्ग होता. पण फाळणीविरोधी आंदोलनाच्या वातावरणात वाढलेल्या अनेकांना तो नको होता. कलकत्ता विद्यापीठाचे सर आशुतोष मुखर्जी यांनी तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष यांच्या देणग्यांवर सायन्स कॉलेज उभारले आणि तेथे पदव्युत्तर भौतिकशास्त्र शिकवण्याची जबाबदारी बोस, साहा यांच्यासारख्या विशीतल्या तरुणांवर सोपवली. शिकवायचे कोणी, हा प्रश्न सुटला. शिकवायचे कशावरून, हा उरला. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून नवी पुस्तके आणि नियतकालिके येणे जवळजवळ बंद झाले होते आणि नवे भौतिकशास्त्र तर जर्मन भाषेत लिहिले जात होते. शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील पॉल ब्र्यूल या जर्मन भाषक प्राध्यापकांकडे काही जर्मन ग्रंथ होते. या मुलांनी ते मागून आणले, जर्मन भाषा शिकून घेतली आणि त्या ग्रंथांच्या आधारे प्लांक, बोल्ट्झमन, आइन्स्टाइन यांचा अभ्यास केला. त्यातूनच सापेक्षता सिद्धांतावरील आइन्स्टाइन आणि मिन्कोव्स्की यांच्या मूळ निबंधांचे साहा व बोस यांनी केलेले इंग्रजी भाषांतर कलकत्ता विद्यापीठाने १९२० मध्ये प्रसिद्ध केले. त्याची प्रस्तावना प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लिहिली होती. हे भाषांतर झाले तेव्हा दोन्ही भाषांतरकार पंचविशीच्या आसपासचे होते.

१९२१ मध्ये ढाका विद्यापीठ स्थापन झाले आणि बोस तेथे भौतिकशास्त्राचे प्रपाठक म्हणून रुजू झाले. विद्यापीठ नवे, ग्रंथालय तुटपुंजे, युरोपातील प्रयोगशाळा हजारो मैलांवर. येथेच विद्यार्थ्यांना प्लांकचा नियम शिकवताना त्यांना एक गोष्ट खटकू लागली.

तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशात कोणत्या रंगाचा वाटा किती असतो, हे सांगणारे सूत्र मॅक्स प्लांक यांनी १९०० साली दिले होते. सूत्र प्रयोगांशी तंतोतंत जुळत होते. परंतु ते सिद्ध करून दाखवताना अर्धा आधार जुन्या विद्युतचुंबकीय तरंगांचा घ्यावा लागे आणि अर्धा ऊर्जेच्या नव्या पुंजांचा. हे दोन आधार एकमेकांना छेद देणारे होते. प्लांक यांना, खुद्द आइन्स्टाइन यांना आणि इतर अनेकांना याची जाणीव होती. तरीही उत्तर बरोबर येत असल्यामुळे काम भागत होते. फळ्यावर पायरी पायरीने सिद्धता मांडणाऱ्या शिक्षकाचे मात्र तेवढ्याने भागत नव्हते. १९२४ च्या वसंतात मेघनाद साहा ढाक्याला आले असता त्यांनी या प्रश्नावरील पाउली, आइन्स्टाइन आणि एरेनफेस्ट यांच्या ताज्या निबंधांकडे बोस यांचे लक्ष वेधले. त्यानंतर थोड्याच दिवसांत बोस यांनी आपली सिद्धता पूर्ण केली.

त्यांनी तरंग पूर्णपणे बाजूला ठेवले. प्रकाश म्हणजे केवळ कणांचा वायू आहे असे मानले आणि ते कण निरनिराळ्या अवस्थांच्या कप्प्यांत किती प्रकारे मांडता येतील हे मोजले. साऱ्या नवलाईचे मूळ या मोजणीत होते. दोन नाणी उडवली तर चार शक्यता संभवतात: दोन्ही छापा, दोन्ही काटा, पहिला छापा व दुसरा काटा, पहिला काटा व दुसरा छापा. दोन्ही नाणी सारखी पडण्याची शक्यता म्हणून निम्मी. परंतु पहिले नाणे कोणते आणि दुसरे कोणते हा भेद निसर्गातच नसेल, तर शेवटच्या दोन शक्यता एकच ठरतात आणि उरतात तीन. आता दोन्ही सारखी पडण्याची शक्यता दोन-तृतीयांश होते. खऱ्या नाण्यांबाबत असे कधी घडत नाही, कारण कितीही सारखी दिसली तरी ती दोन निराळी नाणी असतात. बोस यांच्या मोजणीत प्रकाशाचे कण मात्र एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नव्हते, आणि म्हणूनच त्यांना एकाच अवस्थेत गोळा होण्याची ओढ होती. या मोजणीतून प्लांकचे सूत्र कोणत्याही उसनवारीविना सरळ बाहेर पडत होते.

टिपण अवघ्या काही पानांचे होते. ते आधी इंग्लंडमधील ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’कडे पाठवले गेले होते, तेथे छापले गेले नाही. ४ जून १९२४ रोजी बोस यांनी ते थेट आइन्स्टाइन यांना पाठवून दिले. सोबतच्या पत्रात त्यांनी अतिशय नम्रतेने, पण जराही न कचरता, निबंध योग्य वाटल्यास तो जर्मन नियतकालिकात छापून आणण्याची व्यवस्था करावी अशी विनंती केली. आपण अनोळखी असलो तरी त्यांच्या लेखनाच्या आधारे शिकलेल्या सर्वांप्रमाणे त्यांचे शिष्यच आहोत, अशी त्यांची भूमिका होती. जगातील सर्वांत प्रसिद्ध शास्त्रज्ञाला तीस वर्षांच्या, डॉक्टरेट नसलेल्या प्रपाठकाने केलेली ही विनंती होती. आइन्स्टाइन यांनी निबंध वाचला, स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित केला आणि महत्त्व विशद करणारी टीप जोडून ‘झाइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक’ या नियतकालिकाकडे धाडला. महिन्याभरात ढाक्याला त्यांचे पोस्टकार्ड आले.

आपण काय करून बसलो आहोत याची बोस यांना तेव्हा पूर्ण कल्पना नव्हती, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केले. आपण बोल्ट्झमन यांच्याच मार्गाने चाललो आहोत असे त्यांना वाटत होते. नव्या मोजणीचा खरा आवाका आइन्स्टाइन यांच्या ध्यानात आला. प्रकाशकणांना लागू होणारा नियम पदार्थाच्या अणूंनाही लावून पाहावा, असे त्यांनी ठरवले. १९२४ आणि १९२५ मधील आपल्या निबंधांत त्यांनी दाखवले की अशा अणूंचा वायू पुरेसा थंड केला, तर एका ठराविक तापमानाखाली त्यातील मोठा हिस्सा एकदम सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेत जाऊन बसेल, आणि तेही अणूंमध्ये परस्पर आकर्षण नसताना. संघननाचे भाकीत हे आइन्स्टाइन यांचे. ज्या मोजणीतून ते निघाले ती बोस यांची. दोघांची नावे जोडून घेतली जातात ती या अर्थाने, आणि त्यात बोस यांच्याकडे कमीपणा येत नाही.

त्या भाकितावर त्या काळी फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. आवश्यक ती थंडी निर्माण करणे कल्पनेपलीकडचे होते आणि त्या तापमानाला कोणताही वायू द्रवरूप किंवा घनरूप होऊन जाईल असे सर्वांना वाटे. गणिती आक्षेपही घेतले गेले. १९३८ मध्ये द्रवरूप हेलियमचा घर्षणाविना वाहण्याचा अद्भुत गुणधर्म या संघननाशी निगडित असल्याचे फ्रिट्झ लंडन यांनी सुचवले, तेव्हा कुठे ही कल्पना पुन्हा चर्चेत आली.

इकडे आइन्स्टाइन यांच्या पोस्टकार्डाने ढाक्यात चमत्कार केला. विद्यापीठाने बोस यांना दोन वर्षांची अभ्यासरजा मंजूर केली आणि ते कार्ड पाहताच जर्मन वकिलातीने प्रवासाचा परवानाही विनाशुल्क दिला. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते पॅरिसला पोहोचले. पॉल लांजव्हँ यांच्या ओळखीने ते मादाम क्युरींना भेटले. पूर्वीच्या एका भारतीय विद्यार्थ्याला भाषेची अडचण आल्याचे बाईंना आठवत होते. म्हणून प्रयोगशाळेत येण्यापूर्वी काही महिने फ्रेंच शिकून घेण्याचा सल्ला त्यांनी आपुलकीने दिला. बोस यांना फ्रेंच चांगले येत होते. पण बाई इतक्या भरभर इंग्रजीत बोलत होत्या की तसे सांगण्याची संधी त्यांना मिळाली नाही, आणि मधे बोलणे त्यांच्या संकोची स्वभावाला जमले नाही. त्यांनी मॉरिस द ब्रॉय यांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांचे तंत्र आत्मसात केले आणि नंतर काही काळ क्युरींच्या प्रयोगशाळेतही काम केले.

१९२५ च्या शरद ऋतूत ते बर्लिनला गेले आणि आइन्स्टाइन यांच्याशी प्रत्यक्ष भेट झाली. मधल्या काळात दोघांत एक मतभेदही उद्भवला होता. बोस यांचा दुसरा निबंध आइन्स्टाइन यांनी भाषांतरित करून छापला, पण त्यातील मांडणी आपल्याला मान्य नसल्याचे टिपणही त्याला जोडले. बर्लिनमधील चर्चांतून या दोघांचे संयुक्त संशोधन काही उभे राहिले नाही. नेमक्या त्याच महिन्यांत हायझेनबर्ग यांच्या नव्या पुंजयामिकीने सारे भौतिकशास्त्र ढवळून निघत होते. बोस त्या घडामोडींच्या अगदी जवळ होते, तरी त्या प्रवाहात त्यांनी स्वतःला झोकून दिले नाही. लवकरच फर्मी आणि डिरॅक यांनी दुसऱ्या जातीच्या, म्हणजे एका अवस्थेत दुसऱ्याला थारा न देणाऱ्या कणांची मोजणी मांडली. त्यानंतर विश्वातील सारे मूलकण दोन कुळांत विभागले गेले. एका कुळाला फर्मिऑन हे नाव मिळाले आणि दुसऱ्याला, डिरॅक यांच्या सूचनेवरून, बोसॉन.

१९२६ मध्ये ते ढाक्याला परतले. प्राध्यापकपदासाठी डॉक्टरेट अपेक्षित होती आणि बोस यांच्याकडे ती नव्हती. आइन्स्टाइन यांची शिफारस असूनही निवड प्रथम देवेन्द्रमोहन बोस यांची झाली. त्यांनी पद न स्वीकारल्यामुळे ते सत्येन्द्रनाथांकडे आले. ज्यांच्या नावाची मोजणी जगभर शिकवली जाऊ लागली होती, त्यांना आपल्या विद्यापीठात दुसऱ्या क्रमांकावर थांबावे लागले.

पुढची जवळपास वीस वर्षे त्यांनी ढाक्यात काढली. क्ष-किरण स्फटिकशास्त्राची प्रयोगशाळा त्यांनी उभारली, बरीचशी उपकरणे तेथल्याच कार्यशाळेत तयार करून घेतली. रसायनशास्त्रातील सहकाऱ्यांच्या अडचणी सोडवल्या, विद्यार्थी घडवले. मात्र त्यांच्या नावावरील शोधनिबंध जन्मभरात दोन डझनांच्या आसपासच राहिले. याविषयी त्यांच्या चाहत्यांनीही हळहळ व्यक्त केली आहे. एखादा प्रश्न सुटला की त्यातला त्यांचा रस संपे. कागद मेजावर पडून राहत. दुसऱ्याच्या प्रश्नात दिवसचे दिवस घालवण्याची त्यांची तयारी असे, स्वतःचे काम लिहून काढण्याची नसे. हा दोष खरा होता. पण त्याचबरोबर हेही लक्षात ठेवायला हवे की ढाक्यात त्यांच्याभोवती बर्लिन किंवा कोपनहेगनसारखा तोलामोलाच्या सहकाऱ्यांचा मेळा नव्हता, आणि विभाग चालवण्यापासून उपकरणांच्या जुळणीपर्यंतची सारी ओझी त्यांच्याच खांद्यावर होती.

मित्रमंडळींच्या अड्ड्यात ते तासन्‌तास रमत. इसराज हे तंतुवाद्य ते उत्तम वाजवत. बंगाली, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन साहित्याचे त्यांचे वाचन दांडगे होते. रवीन्द्रनाथ ठाकूर यांनी विज्ञानाची ओळख करून देणारे ‘विश्वपरिचय’ हे आपले बंगाली पुस्तक १९३७ साली त्यांनाच अर्पण केले.

फाळणीचे सावट दाटू लागले असता, १९४५ मध्ये, ते कलकत्ता विद्यापीठात खैरा प्राध्यापक म्हणून परतले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी ज्या कामाला सर्वाधिक जीव लावला ते विज्ञान मातृभाषेतून शिकवण्याचे होते. १९४८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने बंगीय विज्ञान परिषद स्थापन झाली आणि ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे मासिक सुरू झाले. मुंबईत मराठी विज्ञान परिषद आकाराला आली ती त्यानंतर १८ वर्षांनी, १९६६ मध्ये. उच्च विज्ञान मातृभाषेत शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्यांना एक तर ती भाषा येत नाही किंवा ते विज्ञान समजलेले नाही, असा त्यांचा ठाम समज होता. एम.एस्सी.च्या वर्गालाही ते बंगालीतून शिकवत.

१९५२ मध्ये ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य झाले. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, १९५६ मध्ये ते विश्वभारतीचे कुलगुरू झाले आणि १९५९ मध्ये राष्ट्रीय प्राध्यापक. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले ते १९५८ मध्ये, म्हणजे वयाच्या ६४ व्या वर्षी. मेघनाद साहांना ते तीस वर्षांपूर्वीच मिळाले होते. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव भारतातून सुचवले गेले, परंतु निवड झाली नाही. त्यांच्या नावाच्या मोजणीवर उभ्या राहिलेल्या कामांना पुढे अनेक नोबेल पारितोषिके मिळाली. बोस यांनी स्वतः याबाबत कधी तक्रारीचा सूर लावला नाही. तक्रार आजही त्यांचे देशबांधवच करतात, आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

पन्नाशीच्या दशकात आइन्स्टाइन यांच्या एकीकृत क्षेत्र सिद्धांताच्या समीकरणांवर बोस यांनी काही निबंध लिहिले आणि दोघांत पुन्हा पत्रव्यवहार झाला. पुन्हा भेट मात्र झाली नाही. १८ एप्रिल १९५५ रोजी आइन्स्टाइन यांचे निधन झाले.

१९७४ च्या जानेवारीत बोस यांच्या वयाला ८० वर्षे आणि त्यांच्या मोजणीला ५० वर्षे पूर्ण होत असल्याचे निमित्त साधून कलकत्त्यात परिषद भरली. देशोदेशीचे शास्त्रज्ञ आले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ४ फेब्रुवारी १९७४ रोजी, सत्येन्द्रनाथांनी जगाचा निरोप घेतला.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, लेसर किरणांनी अणू थंड करता येतील ही सूचना प्रथम मांडली गेली. थिओडोर हेन्श आणि आर्थर शॉलो यांनी ती सामान्य अणूंसाठी केली, डेव्हिड वाइनलँड आणि हान्स डेमेल्ट यांनी विद्युतभारित अणूंसाठी. लेसरने पोलाद कापता येते हे सर्वांना ठाऊक होते; त्याने वस्तू थंड होते हे ऐकायला विपरीत वाटे. परंतु वायूचे तापमान म्हणजे अणूंच्या धावपळीचे मोजमाप. धावपळ मंदावली की वायू थंड झाला. खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने धावत असतो. त्याच्यावर समोरून एक प्रकाशकण आदळला तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे सहा मिलिमीटरने घटतो. एवढ्याशा धक्क्याने काय होणार? पण असे पन्नास हजार धक्के बसले तर अणू जवळजवळ थांबतो, आणि लेसर हे धक्के सेकंदाच्या लहानशा अंशात देऊ शकतो.

अडचण अशी की मागून बसणारा धक्का अणूचा वेग वाढवील. त्यावरची युक्ती सुंदर आहे. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढ्या स्वरात ऐकू येते, तसाच समोरून येणारा प्रकाश धावत्या अणूला किंचित वरच्या कंपनसंख्येचा भासतो. म्हणून लेसरची कंपनसंख्या अणूला मानवणाऱ्या कंपनसंख्येपेक्षा जराशी कमी ठेवतात. मग अणू ज्या दिशेला जाईल, त्या दिशेने येणारा प्रकाशच त्याला मानवतो आणि तोच त्याला अडवतो. सहा बाजूंनी असे किरण सोडले की अणू काकवीत अडकलेल्या माशीसारखे खिळून राहतात. १९८५ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्हन चू यांनी सोडियमचे अणू अशा रीतीने एका अंशाच्या दहा लाखांपैकी २४० भागांपर्यंत थंड केले. या पद्धतीची सैद्धांतिक मर्यादा तेवढीच मानली जात होती. १९८८ मध्ये विल्यम फिलिप्स यांच्या गटाला तापमान त्याच्या सहाव्या हिश्शापर्यंत खाली गेल्याचे आढळले. मोजमाप सिद्धांतापेक्षा चांगले निघण्याचा असा प्रसंग दुर्मिळच. त्यामागचे कारण उलगडण्यात पॅरिसचे क्लोद कोहेन-तानुजी यांचा मोठा वाटा होता. या तिघांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही आइन्स्टाइन यांच्या भाकितासाठी एवढी थंडी पुरेशी नव्हती. शेवटचा टप्पा गाठून दिला तो बशीत ओतलेला चहा ज्या तत्त्वाने निवतो त्याच तत्त्वाने. लेसरने थंड केलेले अणू चुंबकीय पिंजऱ्यात कोंडायचे आणि त्यांतील सर्वांत चपळ अणूंना निसटू द्यायचे. मागे राहिलेले अणू आणखी थंड होतात. कॉर्नेल आणि वीमन यांनी हे स्वस्त अर्धवाहक लेसर वापरून साधले. अणू जितका संथ, तितका त्याचा तरंग लांब. तरंग वाढत वाढत शेजारच्या अणूंच्या तरंगांत मिसळले की कोणता अणू कोणता हा प्रश्नच उरत नाही, आणि १९२४ सालची मोजणी लागू होते. रुबिडियमच्या निवडलेल्या अणूत ३७ प्रोटॉन, ५० न्यूट्रॉन आणि ३७ इलेक्ट्रॉन, म्हणजे एकूण १२४ फर्मिऑन असतात. ही संख्या सम असल्यामुळे अख्खा अणू बोसॉनासारखा वागतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एमआयटीच्या वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियमच्या कितीतरी अधिक अणूंचे संघनन घडवले. २००१ चे नोबेल पारितोषिक कॉर्नेल, वीमन आणि केटर्ले यांना मिळाले.

आता अशा प्रयोगशाळा जगभर आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आयसर आणि बंगळुरूची रामन संशोधन संस्था येथेही लेसरने थंड केलेल्या अणूंवर संशोधन चालते. २०१८ पासून तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही असे उपकरण बसवलेले आहे. कलकत्त्यातील सॉल्ट लेक येथे १९८६ मध्ये सुरू झालेली मूलभूत विज्ञानाची राष्ट्रीय संस्था बोस यांचेच नाव धारण करते.

संघननाचा एक प्रयोग मात्र त्यांच्या मूळ टिपणाच्या सर्वांत जवळ जातो. १९२४ चा निबंध अणूंविषयी नव्हताच, तो प्रकाशाविषयी होता. आणि प्रकाशाचे संघनन होणे शक्य नाही असे दीर्घकाळ मानले जाई, कारण थंड केले की प्रकाशकण पात्राच्या भिंतींत नाहीसे होतात. २०१० मध्ये जर्मनीतील बॉन विद्यापीठात मार्टिन वाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वक्र आरशांमधील अतिशय अरुंद फटीत रंगद्रव्याचे द्रावण भरून प्रकाशकण कोंडून ठेवले, आणि ते सारे एकाच अवस्थेत गोळा झाल्याचे दाखवून दिले. त्यासाठी निरपेक्ष शून्याच्या जवळपासही जावे लागले नाही. प्रयोग खोलीच्या तापमानाला झाला.